न गायलेल्या ताना

सा, रे, ग.

एवढे तीनच स्वर घ्यायचे. एकही गाळायचा नाही, एकही दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, आणि जितक्या तऱ्हांनी ते एकामागे एक गाता येतील तितक्या तऱ्हांनी गायचे. सारेग. रेसाग. सागरे. गसारे. रेगसा. गरेसा. पहिलीत उजाडत जाते. दुसरीत आवाज एक पाऊल मागे घेतो आणि मग एकदम वर बघतो. तिसरीत गंधार आधीच येऊन गेलेला असतो आणि ऋषभ त्याच्या उजेडात उशिरा उमटतो. चौथीत उंचावरून थेट षड्जावर उतरलेला सूर अजून निजायचे नाही म्हणून जरा उठतो. पाचवीत तो चढून जातो आणि एकाच उडीत परत येतो. सहावीत दिवस पायरीपायरीने मावळतो, आणि त्यानंतर कितीही वाट पाहिली, कितीही उलटसुलट करून पाहिले तरी हाती लागतात त्या याच सहा.

सातवी नाही.

गाण्याला अंत नसतो हे ऐकतच आपण मोठे होतो, म्हणून हे पहिल्यांदा उमगते तेव्हा मनात काहीतरी थबकते. चार स्वरांच्या २४ ताना. पाचांच्या १२०. सहांच्या ७२०. सातांच्या ५०४०. सेकंदाला एक स्वर अशा संथ चालीने या ५०४० ताना सलग गायला बसले तर जवळपास दहा तास लागतात. मार्गशीर्षातल्या दिवेलागणीला तानपुरा जुळवावा, पहिली सारेगमपधनि घ्यावी, गावातले दिवे एकेक करून विझावेत, कुत्री भुंकून थकावीत, आणि शेवटची निधपमगरेसा ओठांवर येईपर्यंत पहाटेचे चार वाजलेले असावेत. ज्याला मी अथांग समजत होते ते एका रात्रीत मावते. या हिशेबाने मला कधी उदास वाटले नाही. उलट त्या रात्रीची ओढ लागली.

हा हिशेब तेराव्या शतकात देवगिरीला मांडला गेला. काश्मीरहून दक्षिणेत येऊन स्थिरावलेल्या घराण्यातला शार्ङ्गदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा मुख्य अधिकारी. गावोगावचा वसूल, कुणाचे येणे, कुणाचे देणे, हे सगळे ज्या नजरेखालून जात होते त्याच नजरेने त्याने सूर न्याहाळले आणि 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ गर्भात जीव कसा आकार घेतो तिथून निघतो आणि नर्तकीच्या भुवईपर्यंत जाऊन पोचतो. मधे कुठे घाई नाही, कुठे हात आखडता घेतलेला नाही. पहिल्याच अध्यायात तो चौदा मूर्च्छना, म्हणजे सात स्वरांच्या क्रमवार मांडण्या, घेतो, प्रत्येकीची चार रूपे धरून त्या छप्पन्न करतो, आणि प्रत्येकीच्या ५०४० मोजून २,८२,२४० हा आकडा समोर ठेवतो. मघाच्याच चालीने या गायच्या तर जवळजवळ तेवीस दिवस आणि तेवीस रात्री, श्वास न मोडता.

कुणीही त्या गाणार नाही हे त्याला ठाऊक होते. तरी मोजल्या.

एका श्रावणात मी देवगिरीच्या पायथ्याशी बराच वेळ बसले होते. दौलताबाद म्हणून ओळखला जाणारा तो काळा डोंगर खालून तासून असा गुळगुळीत केलेला आहे की पावसाचे पाणी त्याला धरायला काही न मिळून सरळ खंदकात उतरते. लोक किल्ल्यातली अंधारी, ती काळोखी वाट, बघायला निघाले होते, मुले एकमेकांना घाबरवत होती, कुठूनतरी भाजलेल्या कणसाचा वास येत होता. मला ना यादव राजा भिल्लम आठवला, ना चालून आलेला अल्लाउद्दीन खिलजी. वाटेवर विखुरलेले बारीक खडे मात्र दिसत राहिले, कारण शार्ङ्गदेवाची ती अद्भुत युक्ती खड्यांनीच चालते. तिचे नाव खंडमेरू.

सात उभ्या रांगा आखायच्या. पहिलीत एकच घर, त्यात १. दुसरीत दोन घरे: शून्य आणि १. तिसरीत तीन: शून्य, २, ४. चौथीत शून्य, ६, १२, १८. पाचवीत शून्यापासून चोवीस-चोवीसने ९६ पर्यंत, सहावीत १२० च्या पावलांनी ६०० पर्यंत, सातवीत ७२० च्या पावलांनी ४३२० पर्यंत. उजवीकडे खोल खोल उतरत जाणारा जिना तयार होतो. प्रत्येक रांगेत एकेक खडा ठेवायचा. खडे ज्या घरांत असतील तिथले आकडे मिळवले की एक संख्या येते, आणि ती संख्या म्हणजे त्या प्रचंड यादीतली एका तानेची जागा. तान दिली तर तिचा क्रमांक निघतो. त्याला उद्दिष्ट म्हणतात. क्रमांक दिला तर तान निघते. त्याला नष्ट म्हणतात. अख्खी यादी लिहायची गरज नाही. सगळे खडे तळाच्या घरांत ठेवून बेरीज करून पाहा: १, १, ४, १८, ९६, ६००, ४३२०. बरोबर ५०४०. ही बेरीज मी कागदावर पहिल्यांदा केली तेव्हा हात थांबला आणि किती वेळ थांबला ते कळले नाही.

लेझाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८८८ मध्ये जी अंकपद्धती मांडली, आणि संगणकशास्त्र आज जिला लेमर कोड म्हणते, तिचा जीव या खड्यांच्या खेळात आहे. राजा श्रीधरन, आर. श्रीधरन आणि एम. डी. श्रीनिवास यांनी २०१० मध्ये शार्ङ्गदेवाचे हे गणित आजच्या परिभाषेत उलगडून दाखवले. कोण आधी, कोण नंतर या वादाचे मला फारसे वाटत नाही. माझा आनंद वेगळा होता. त्या विवेचनात चार स्वरांचा प्रस्तार, म्हणजे त्यांच्या सगळ्या क्रमांची यादी, वाचताना माझे ओठ आपोआप हलू लागले. सारेगम, रेसागम, सागरेम, गसारेम... पुढची ओळ वाचायच्या आधीच मला येत होती. लहानपणी आमच्या बाईंनी घोटून घेतलेले चोवीस पलटे नेमके याच क्रमाने होते. दुपारची वेळ, खिडकीच्या गजांच्या सावल्या सतरंजीवर, बाईंचा हात मांडीवर ताल धरून, आणि त्यांचे दोनच शब्द: "पुन्हा. सावकाश." शार्ङ्गदेवाचे नाव त्या खोलीत कधी निघाले नाही. पण यादवांच्या राजधानीतला तो क्रम, मधली सगळी शतके ओलांडून, कुणाच्या गळ्यातून कुणाच्या गळ्यात उतरत, परकरातल्या पाच-सहा मुलींपर्यंत येऊन पोचला होता.

त्या चोविसांतली तेविसावी तान: ग म रे सा. खडे मांडून बघा. शेवटचा स्वर सा. मूळ क्रमात तो टोकापासून तीन घरे आत, म्हणून चौथ्या रांगेतले १८. उरले ग म रे. त्यांतला शेवटचा रे, टोकापासून दोन घरे आत, म्हणून ४. मग म, तो टोकालाच, म्हणून शून्य. आणि पहिल्या रांगेतला न हलणारा १. एकूण तेवीस. आता हीच तान कामोदात ऐका: मध्यमावरून वळून शुद्ध ऋषभावर येताना ती हसते. हीच भैरवात ऐका, कोमल ऋषभ घेऊन: तो ऋषभ पहाटेच्या गारठ्यात हलकेच डोलतो, षड्जाकडे झुकतो, पुन्हा मागे सरतो, आणि छातीत खोल कुठेतरी काहीतरी उघडते. क्रमांक एकच. तेवीस. खंडमेरूला त्या डोलण्याची काही खबर नाही, आणि शार्ङ्गदेवाने तशी अपेक्षाही केलेली नाही. आंदोलन, गमक, रागाचा स्वभाव यांसाठी त्याने वेगळी पाने राखून ठेवली आहेत. एका माणसाला दोन्ही दिसत होते, आणि दोन्हींसाठी त्याच्याजवळ पुरेशी सवड होती. मला त्याचा हेवा वाटतो तो याचा.

चोवीस ही संख्या त्या मुलखात तेव्हा आणखी एके ठिकाणी नांदत होती. 'लीलावती' या गणितग्रंथाच्या अंकपाश या प्रकरणात भास्कराचार्य विचारतात की शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधे आलटून पालटून दिली तर किती मूर्ती होतील, आणि शंख, चक्र, गदा, पद्म धरणाऱ्या हरीच्या किती. शंभूच्या ३६,२८,८००. हरीच्या चोवीस. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाच्याच दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळ पाटण इथे मठाची व्यवस्था झाली; १२०७ सालचा शिलालेख ती सांगतो. मी मनातल्या मनात त्या दोघा अधिकाऱ्यांना, ज्योतिष्याला आणि हिशेबनिसाला, एका ओवरीत बसवते. बाहेर पाऊस लागलेला आहे. एकजण बोटांवर हरीचे हात मोजतो आहे, दुसरा गुणगुणत स्वर फिरवतो आहे, आणि दोघेही एकाच क्षणी चोवीस म्हणतात.

खंडमेरूची पुढे मेरुखंड ही गाण्याची रीत झाली आणि ती मुंबईच्या भेंडीबाजारात राहायला आली. छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ या भावांचे घराणे त्या वस्तीच्या नावाने ओळखले गेले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. याच घराण्यातल्या अमान अली खाँसाहेबांच्या सरगमेत तो उलटापालटा चालणारा, तरीही कुठे न अडखळणारा प्रवाह खळाळत राहिला. आणि इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनी मेरुखंडाला इतके संथ केले की त्यातले गणित ऐकू येईनासे झाले.

त्यांचा मारवा लावते तेव्हा मी खोलीतला दिवा मालवते. पंचम या रागात नाही. म्हणजे सात स्वरांच्या रात्रीतून आधीच मोठा तुकडा गळून पडलेला आहे. षड्ज आहे, पण त्याच्याकडे जायला आवाज राजी नाही. उरतात थोडे स्वर, आणि झुमरा तालाच्या चौदा मात्रांमधली ती प्रचंड मोकळी जागा. नि, रे, ग. मग नुसता रे. मग ध नि रे. त्याच तीन-चार स्वरांना ते पुन्हा पुन्हा नव्या क्रमाने लावतात. प्रत्येक वेळी वाटते आता सगळे मांडून झाले, आणि प्रत्येक वेळी एक जागा अशी निघते जी इतका वेळ डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. अशाच एका संध्याकाळी मला उमगले की मी फक्त गायलेले ऐकत नाही. जी तान आत्ता आली तिच्या मागे, तिच्या आजूबाजूला, तिच्याच स्वरांच्या बाकीच्या ताना उभ्या होत्या: येऊ शकल्या असत्या, आल्या नाहीत, आणि त्यांच्या न येण्यानेच आलेलीला हा तेजस्वी एकटेपणा मिळाला होता. ज्याला यादी ठाऊक नाही त्याच्यासाठी तान नुसती घडते. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी ती निवडली जाते. शार्ङ्गदेवाने त्या २,८२,२४० ताना गाण्यासाठी मोजल्याच नव्हत्या. न गायलेल्या ऐकू याव्यात म्हणून मोजल्या.

निदान मला तरी आता तसेच वाटते.

तालाध्यायात त्याने हेच लयीसाठी केले. द्रुत, लघु, गुरू, प्लुत: द्रुत एक धरला तर लघु दोन, गुरू चार, प्लुत सहा. इतक्या लांबीचा ताल या चार मापांनी किती तऱ्हांनी भरेल? एक, दोन, तीन, सहा, दहा, एकोणीस, तेहतीस, साठ... पुढची प्रत्येक संख्या मागे वळून चौघींना हाक मारते, लगतच्या मागचीला, दुसरीला, चौथीला आणि सहावीला, आणि त्यांची बेरीज होऊन पुढे निघते. या ओळीत मला पावलांचा आवाज येतो. नाचणाऱ्या नव्हे, चालणाऱ्या. लांब अंतर कापायला निघालेल्या.

ती पावले १९८० च्या दशकात लखनौला पोचली. जिम किपेन हा इंग्लंडचा संशोधक तिथे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता, आणि बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाबरोबर त्याने बोल प्रोसेसर घडवला. धाधा तिट धाधा तिना यासारख्या कायद्याचे, म्हणजे तबल्यातल्या मूळ रचनेचे, पलटे कसे होतात, याचे भाषेच्या व्याकरणासारखे व्याकरण लिहायचे. अ‍ॅपलच्या छोट्या संगणकाने त्या नियमांतून नवे पलटे काढायचे. आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. ते रुजू झाले तर नियम खरा. उस्तादांनी दुरुस्त केले तर नियमात काहीतरी राहिले. मग नियम पुन्हा लिहायचा.

संगणक आणि संगीत यांच्या भेटींच्या जितक्या हकिकती मी वाचल्या त्यांतली ही मला सगळ्यांत जवळची वाटते. यंत्र जिंकले का माणूस, हा प्रश्नच त्या खोलीत नव्हता. यंत्र न थकता शक्यता पुढे करत होते, आणि उस्तादांच्या नकारातून ते ज्ञान बाहेर येत होते जे त्यांनी स्वतःही कधी शब्दांत मांडले नसेल. हाताला ठाऊक असलेली गोष्ट. बोटांच्या पेरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. ती सांगता येत नाही. पण चुकीचा बोल समोर आला की भुवई उंचावते, आणि त्या उंचावण्यात अख्खे घराणे बोलते. "हे नाही." या दोन शब्दांसाठी केवढा मोठा हिशेब मांडावा लागला! पण त्याशिवाय ते दोन शब्द इतक्या स्वच्छपणे मिळालेही नसते.

आपल्याकडे स्वरांच्या आत डोकावण्याची ओढही एका हिशेबी माणसालाच लागली होती. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायकीच्या साक्षीने बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, गणिते मांडली आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढले. देवगिरीचा श्रीकरणाधिप आणि इंग्रजी अमदानीतला महसुली अधिकारी, दोघांच्या बोटांना शाई एकाच प्रकारच्या कामाची लागलेली. देवलांच्या श्रुतींवर पुढे बरेच वाद झाले. खाँसाहेबांचा सूर मात्र वादाच्या पलीकडे कुठेतरी पाझरत राहिला. मग मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात गळ्यातल्या सुराची रेषा काढणारी यंत्रे आली. २०११ मध्ये बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात शाविएर सेर्रा यांनी संगणकाने संगीत अभ्यासण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला, त्यात मुंबई आणि मद्रासच्या आयआयटी सामील झाल्या. आता पडद्यावर भैरवाचा ऋषभ दिसतो. ज्याला आपण एक स्वर म्हणतो, एका घरात एकच अक्षर म्हणून बसवतो, तो तिथे ठिपका म्हणून कुठेच नाही. पाण्यावरून वारा गेल्यासारखी एक रेघ, वर उठलेली, खाली झुकलेली, पुन्हा उठलेली. सप्तकाचे १२०० भाग केलेले असतात आणि ती रेघ त्यांतल्या कुठल्याही एका भागावर ठरत नाही. तेविसाव्या तानेतले जे खंडमेरूने मोजलेच नव्हते ते असे समोर लहरते आणि तरी मोजण्याच्या कक्षेत येत जाते. आणि जितके कक्षेत येते तितके त्याच्या मागचे आणखी काही, श्वास घेण्याआधीचा थांबा, शब्दाच्या कडेला लागलेली ओल, नव्याने ऐकू येऊ लागते.

परवा मी खडे मांडले. गच्चीवरच्या कुंडीतले, धुऊन घेतलेले. कागदावर सात रांगा आखल्या आणि पाटणच्या शिलालेखाचे साल घेतले: १२०७. सातव्या रांगेत एक घर खाली, ७२०. सहावीत चार घरे खाली, ४८०. पाचवीचा खडा वरच, शून्यावर. चौथीत ६. तिसरी शून्य, दुसरी शून्य, पहिलीत १. बेरीज १२०७. आणि शेवटून एकेक स्वर उचलत आले तेव्हा तान निघाली: सा ग प म नि रे ध.

तानपुरा सुरू केला. सा ग प इथवर ओळखीचे अंगण. मग म, मग एकदम उंच नि, तिथून खाली रे, आणि रेवरून उचलून ध. कुठल्या रागाने हिला जवळ घ्यावे ते मला सुचेना. दुसऱ्यांदा सावकाश म्हटली तेव्हा प वरून म वर येताना आवाज आपोआप घसरला, आणि त्या मिंडेने म ला एक वजन आले, आणि नि कडे जाणे अवघड वाटेनासे झाले. तिसऱ्यांदा म्हटली. चौथ्यांदा धैवतावर थांबून पाहिले. मग दुसऱ्या रांगेतला खडा एक घर खाली सरकवला. १२०८. ग सा प म नि रे ध.